उषाबाईंचं खासगी फोल्डर

सुरतेच्या डिंडोलीत कुठल्याही खानदेशी घरात मुलगा किंवा मुलगी लग्नाची झाली, की एक फोटो, भरलेला फॉर्म आणि जन्मपत्रिकेची झेरॉक्स घेऊन कुणीतरी उषाबाईंच्या दाराशी येतं. गेली चौदा वर्षं हे चालू आहे. उषाबाई कुणी मोठ्या पदावरच्या बाई नव्हेत. नवरा धुडकू उधन्याच्या लूम कारखान्यात तीस वर्षं कारागीर होता. मागांच्या खडखडाटात दोन्ही कान गेले आणि आता तो घरीच असतो. त्या स्वतः पारोळ्याकडच्या खेड्यातून अठराव्या वर्षी लग्न होऊन सुरतेत आल्या. साड्यांचे धागे कापले, लेस लावली, टिकल्या चिकटवल्या, आणि त्यातून दोन मुली वाढवून सासरी पाठवल्या. शिक्षण नववीपर्यंतचं. पण अक्षर असं, की समाजाच्या मंडळाचे चिटणीस निंबाअप्पा वधू-वर सूचीचे फॉर्म उतरवून काढायला त्यांच्याचकडे पाठवत.

पुढे अप्पांना मोतीबिंदू झाला आणि छापखानेवाल्यानं हाताने लिहिलेली पानं घ्यायचं बंद केलं. मंडळानं एक जुना कॉम्प्युटर घेतला. मंडळाला स्वतःची खोली नव्हती, म्हणून तो उषाबाईंच्या घरात, देव्हाऱ्याच्या बाजूच्या टेबलावर आला. तेव्हा त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. तीन महिने क्लासला गेल्या, आपल्या मुलींपेक्षा लहान पोरींच्या रांगेत बसल्या आणि मराठी टायपिंग शिकून आल्या. पहिल्या वर्षी सूचीत एकशे ऐंशी नावं होती. आता सहाशेच्या वर असतात. नवापूर, नंदुरबार, अमळनेर, कुठून कुठून फॉर्म येतात.

सहा-सात वर्षांपूर्वी एक प्रकार घडला. मंडळातल्या एकाचा पाहुणा स्थळं बघायला म्हणून घरी आला. उषाबाई चहा करायला आत गेल्या तेवढ्यात त्यानं पडद्यावरच्या मुलींचे फोटो आणि फोन नंबर मोबाइलमध्ये टिपून घेतले. आठ दिवसांत भेस्तानच्या एका मुलीला नको ते फोन यायला लागले. मुलीचे वडील उषाबाईंकडे आले. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “मावशी, फॉर्म आम्ही तुमच्या हातात दिला होता.”

उषाबाईंनी दुसऱ्याच दिवशी छगनला बोलावलं. छगन डिंडोलीतच कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. त्यानं सूचीच्या फोल्डरला असं करून दिलं, की उषाबाईंच्या नावानं आणि पासवर्डानं कॉम्प्युटर चालू केला तरच ते उघडेल; घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावानं चालू केला तर नाही. उषाबाईंचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. त्या फोल्डरच्या पोटात त्यांचं आणखी एक लहान फोल्डर होतं, ‘खासगी’ नावाचं. सूचीत छापता येत नाही अशी माहिती त्यात असे. कुणाचं पहिलं लग्न दोन महिन्यांत मोडलं, कुणाला टीबी होऊन बरा झाला, कुणाच्या घरावर भावकीचा दावा चालू आहे. एकेका माणसाची एकेक लहान फाइल. लोक विश्वासानं सांगत, काही शेजारीपाजारी सांगत, आणि दोन घरं जुळवताना त्याचा उपयोग होई. छगन गेल्यावर त्यांनी स्वतःच त्या लहान फोल्डरचे पर्याय चाळले आणि माहिती सुरक्षित करा अशा अर्थाच्या एका ओळीपुढे खूण केली. दोन कुलपं बरी, असा त्यांचा विचार. कोपऱ्यात किल्ली जपून ठेवण्याबद्दल काहीतरी इंग्रजीत आलं होतं. ते त्यांनी बंद करून टाकलं.

गेल्या जानेवारीत कॉम्प्युटर चालू होईना. मंडळाचा वधू-वर मेळावा फेब्रुवारीच्या शेवटी होता आणि सूची छापखान्यात द्यायला अठरा दिवस उरले होते. छगन येऊन बघून गेला, मशीन दुकानात नेलं आणि दोन दिवसांनी परत आणून बसवलं.

“काकू, विंडोज पार बिघडलं होतं. सी ड्राइव्ह पुसून नवं टाकलंय. तुमची सूची डी ड्राइव्हवर, तिला मी हात लावला नाही. कॉम्प्युटर उघडायचं नाव पण तेच ठेवलंय, उषा. पासवर्ड तुमचा तुम्ही घाला.”

तो गेल्यावर उषाबाईंनी पासवर्ड घातला, डी ड्राइव्ह उघडला. सूचीचं फोल्डर जागेवर होतं. त्यांनी त्यावर क्लिक केलं तर पाटी आली. इंग्रजी त्यांना अक्षरं लावून वाचता येई. ‘परमिशन’ हा शब्द कळला, आणि ती नाही, हेही कळलं. खाली ‘कंटिन्यू’ होतं. ते दाबलं. वर हिरवी पट्टी हळूहळू सरकत गेली आणि शेवटाला दुसरी पाटी आली: तुम्हाला नकार देण्यात आला आहे.

त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या. धुडकू बाजेवर बसून शेंगा सोलत होता. त्यानं बायकोचं तोंड बघितलं.

“काय म्हनस तो?” त्यानं कॉम्प्युटरकडे हात करून विचारलं.

“मनंच नाव शे, न मालेच नही म्हनस,” उषाबाई त्याच्या कानाशी मोठ्यानं अहिराणीत म्हणाल्या. नाव माझंच, आणि मलाच नाही म्हणतो.

छगनला फोन केला तेव्हा तो म्हणाला, मशीन घेऊन या, अर्ध्या तासाचं काम आहे. उषाबाई नाही म्हणाल्या. मग मी येतो, म्हणाला. त्यालाही त्या नाही म्हणाल्या. सहाशे घरांची माहिती उघडी पडणार आणि समोर दुसरं माणूस बसलेलं असणार, हे त्यांना नको होतं.

“छगनभाऊ, राग मानू नका. तुमच्यावर अविश्वास नाही. पण एकदा माझ्या हातून झालंय. तुम्ही फोनवर सांगा, मी करते.”

छगन म्हणाला, “राग कसला, काकू. माझ्या बहिणीच्या मुलीचा फॉर्मही त्यातच आहे. ठीक आहे. दुपारी दोननंतर गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा लावा फोन. आणि वही-पेन घेऊन बसा.”

दुपारी अडीच वाजता उषाबाईंनी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि वहीत तारीख टाकली.

“फोल्डरवर उजवं क्लिक. सगळ्यात खाली प्रॉपर्टीज. त्यात वर सिक्युरिटी. काय दिसतं?”

“काहीच नाही. म्हणतंय, हे बघायचीही तुम्हाला परवानगी नाही. खाली ॲडव्हान्स्ड आहे.”

“तेच दाबा. आता वरच्या ओळीत ओनर लिहिलंय, त्याच्यापुढे काय आहे?”

उषाबाईंनी चष्मा सारखा केला. “मालक कोण ते दाखवता येत नाही, असं काहीतरी.”

“बरोबर. आधी मालकी तुमच्या नावावर करायची, मग परवानगी. हा क्रम उलटा केला तर चालत नाही. मालक नाही तो परवानगी कशी देणार? ओनरच्या पुढे चेंज आहे, ते दाबा. चौकोन येईल, त्यात तुमचं नाव टाका आणि चेक नेम्स.”

उषाबाईंनी नाव टाकलं. असं नाव सापडत नाही, असं उत्तर आलं. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. छगननं त्यांना एकेक अक्षर विचारायला सुरुवात केली तेव्हा उलगडा झाला. बोटांना चौदा वर्षांची सवय. त्यांनी ‘उषा’ मराठीत टाइप केलं होतं. कीबोर्ड इंग्रजीवर घेतला, चार अक्षरं टाकली, तेव्हा नावाखाली रेघ आली. ओळख पटली होती.

“आता खाली एक बारीक चौकोन आहे, आतल्या सगळ्या फोल्डरांची मालकीही बदला, अशा अर्थाचा. त्याच्यात खूण करा. ती विसरलात तर वरचं दार उघडेल आणि आतल्या खोल्या बंदच राहतील. मग अप्लाय. काही विचारलं तर यस म्हणा.”

पडद्यावर फाइलींची नावं भराभर पळायला लागली. उषाबाई मान न हलवता बघत राहिल्या. सारं थांबल्यावर त्यांनी फोल्डरवर क्लिक केलं. उघडलं. वर्षावर्षाची फोल्डरं ओळीनं उभी होती. त्यांनी यंदाच्या फोल्डरातली एक फाइल उघडायला घेतली, तर ती म्हणाली, नाही.

“छगनभाऊ, आत गेले, पण फाइल उघडत नाही.”

“उघडणार नाही. फाइलींवर अजून जुन्या माणसाचा हक्क आहे. त्याच फाइलचं सिक्युरिटी बघा.”

तिथे यादी दिसत होती. यादीत एकच नोंद होती: ‘अकाउंट अननोन’, आणि त्यापुढे ‘एस’पासून सुरू झालेला लांबच लांब आकडा. उषाबाईंनी तो वहीत उतरवायला घेतला आणि अर्ध्यातच सोडला.

“हा अनोळखी माणूस कोण? हाच सगळ्या फाइली धरून बसलाय.”

“तुम्हीच त्या,” छगन म्हणाला. “विंडोज माणसाला नावानं ओळखत नाही, आकड्यानं ओळखतं. जुन्या विंडोजमधली उषा या आकड्याची होती. मी नवं टाकलं, त्याच नावाची दुसरी उषा केली, तिचा आकडा वेगळा. नाव सारखं असलं तरी त्याच्या लेखी तुम्ही दुसऱ्या.”

हे उषाबाईंना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांच्या सूचीत मयुरी पाटील चार होत्या. नुसत्या नावावर त्यांनीही कधी भरवसा ठेवला नव्हता. बापाचं नाव, गाव आणि जन्मतारीख बघितल्याशिवाय त्या कुणाचा फोटो कुणाच्या फॉर्मला लावत नसत.

पुढचं काम वरच्या मोठ्या फोल्डरवर करायचं होतं. तिथे आपलं नाव यादीत घालायचं, त्यापुढे पूर्ण हक्काची खूण करायची, आणि वरचे हे हक्क खालच्या प्रत्येक फाइलला लागू करा, असं सांगायचं. उषाबाईंनी ते वहीत लिहून घेतलं, मगच केलं. तासाभरानं यंदाच्या सहाशे चाळीस जणांची माहिती, फोटोंसकट, एकामागून एक उघडत गेली. धुडकू मागे येऊन उभा राहिला होता. त्यानं परत जाऊन शेंगांचं सूप उचललं.

उषाबाई फोन ठेवणार, तेवढ्यात त्यांनी सहज ‘खासगी’ उघडून बघितलं. सव्वीस फाइली होत्या. प्रत्येकीच्या चित्रावर कुलपाची बारीक खूण. एकही उघडली नाही. मालक म्हणून त्यांचंच नाव होतं, हक्क पूर्ण होता, तरी नकार.

“कुलपाची खूण?” छगनचा आवाज बदलला. “काकू, हे मी केलं नव्हतं.”

“मी केलं होतं. तुम्ही गेल्यावर.”

“तेव्हा किल्ली जपून ठेवा, असं काही आलं होतं का?”

“आलं होतं. मी वाचलं नाही.”

 छगननं सरळ सांगितलं. आधीचं कुलूप हे दाराचं होतं. मालक बदलला की दार उघडतं. हे दुसरं तसं नाही. यात फाइलीतला मजकूरच उलटापालटा करून ठेवलेला असतो आणि त्याची किल्ली जुन्या विंडोजच्या पोटात, सी ड्राइव्हवर होती. “आणि सी ड्राइव्ह मी पुसला. मला विचारायला पाहिजे होतं.”

“तुम्हाला काय ठाऊक,” उषाबाई म्हणाल्या. “मी सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं.”

छगननं नंतर एका जाणकाराकडेही चौकशी केली. उत्तर तेच आलं. त्या सव्वीस फाइली गेल्या.

सूची वेळेवर छापखान्यात गेली. निंबाअप्पांना उषाबाईंनी खासगी फाइलींचं सांगितलं, तर अप्पा म्हणाले, “बरं झालं. तसलं लिहून ठेवूच नये.” पण अप्पांना स्थळं जुळवायची नव्हती. उषाबाईंना रोज दोन तरी फोन येत, आणि मुलगा कसा आहे हो, या प्रश्नाला त्यांना उत्तर द्यावं लागे. त्यांनी कोऱ्या वहीत आठवेल ते लिहायला घेतलं. सव्वीसपैकी एकोणीस जणांचं आठवलं. उरलेल्या सात जणांची नावं फाइलींवर दिसत होती, आतलं मात्र धड आठवेना. काहीतरी वाईट होतं, एवढंच मनात राहिलं होतं. आणि नुसतं तेवढं मनात ठेवून बोलणं बरं नव्हे, असं त्यांना वाटलं. त्यांनी ठरवलं की सात घरी स्वतः जायचं.

सहा घरी फारसं निघालं नाही. एकीची कोर्टातली केस दोन वर्षांपूर्वीच मिटली होती. शेवटचं घर भेस्तानला होतं, सखुबाईंचं. त्यांचा मुलगा धर्मेंद्र तेहतीस वर्षांचा, पांडेसऱ्याच्या रंगाईच्या मिलमध्ये रंगमास्तरच्या हाताखाली. फॉर्म चार वर्षांपासून सूचीत होता आणि स्थळ जमत नव्हतं.

सखुबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवला. इकडचं तिकडचं झालं. मग त्या म्हणाल्या की धाकट्या दिरानं, लोटूनं, भिंतीच्या भांडणापासून यांच्याविरुद्ध तोंड सोडलंय. घर दोघा भावांचं सामाईक होतं, मधली भिंत कुणी बांधायची यावरून चार वर्षांमागे पोलिसांपर्यंत गेलं होतं.

लोटूचं नाव ऐकलं आणि उषाबाईंना ती फाइल आठवली. एकच ओळ होती. मुलगा पितो. ती त्यांना लोटूनंच सांगितली होती, मंडळाच्या एका कार्यक्रमात, जेवणाच्या पंगतीत. सख्खा काका सांगतोय म्हटल्यावर त्यांनी घरी येऊन लिहून ठेवली. पुढे दोन घरांनी धर्मेंद्रबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी मोठं काही सांगितलं नव्हतं. “दुसरं बघा,” एवढंच म्हणाल्या होत्या. तेवढं पुरलं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “सखुबाई, धर्मेंद्र पितो का?”

सखुबाईंनी उलट विचारलं, “कोनी सांगं तुमले?” मग स्वतःच म्हणाल्या, “मना पोऱ्यानी आजपावत थेंब तोंडले लाया नही.”

आईचा शब्द म्हणून उषाबाई तिथेच थांबल्या नाहीत. निघताना शेजारच्या दोन घरी टेकल्या, दुसऱ्या दिवशी मिलच्या दारात चहावाल्याला आणि धर्मेंद्रच्या मास्तरांना भेटल्या. सगळीकडे एकच उत्तर. मास्तर म्हणाले, रसायनांच्या टाक्यांवर काम आहे बाई, पिणारा माणूस मी उभा करत नाही.

 त्या रात्री धुडकूला त्यांनी सगळं सांगितलं; मोठ्यानं सांगावं लागल्यामुळे आपलं आपल्यालाच ते दोनदा ऐकल्यासारखं झालं. धुडकू म्हणाला, “मंग जाय, सांगी ये.”

त्या परत भेस्तानला गेल्या आणि सखुबाईंना म्हणाल्या, “मी दोन घरांना नको म्हणाले होते. लोटूभाऊंच्या सांगण्यावरून. मी विचारपूस करायला पाहिजे होती, केली नाही.”

 सखुबाईंनी विचारलं, “कोणती दोन घरं?”

उषाबाईंनी सांगितली. एका मुलीचं लग्न होऊन ती नवापूरला गेली होती. दुसरी नूतन, कामरेजला बालवाडीत शिकवत होती, अजून घरीच होती. सखुबाईंनी चहाचं विचारलं नाही. उषाबाई उठून आल्या.

कामरेजला त्या बसनं गेल्या. नूतनच्या वडिलांना ओसरीवर बसून सांगितलं, की चार वर्षांपूर्वी मी तुम्हाला एक स्थळ बघू नका म्हणाले होते, ते माझं चुकलं होतं. वडील गोंधळले; त्यांना ते नीट आठवतही नव्हतं. नूतनला मात्र आठवत होतं. ती म्हणाली, “मावशी, मग आता काय, बघायचं म्हणता?” उषाबाई म्हणाल्या, “मी आता काहीच म्हणत नाही. तुमचं तुम्ही बघा.”

मेळाव्यात नूतन आणि धर्मेंद्र भेटले, अर्धा तास बोलले आणि जमलं नाही. तिला कामरेजची नोकरी सोडायची नव्हती, त्याला रोजचं तेवढं अंतर झेपणार नव्हतं. उषाबाईंना वाईट वाटलं, पण नकार त्या दोघांचा होता.

‘खासगी’ फोल्डर त्यांनी काढून टाकलं. वही ठेवली, आणि वहीत प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने आखले: कुणी सांगितलं, आणि स्वतः जाऊन पाहिलं का. दुसरा रकाना रिकामा असेल तोपर्यंत त्या कुणाला काही सांगत नाहीत. विचारणारे कधी चिडतात. सूचीच्या फोल्डरची एक प्रत दर महिन्याला त्या पेन ड्राइव्हवर घेतात आणि कपाटात ठेवतात.

दिवाळीनंतर धर्मेंद्रचं नंदुरबारच्या मुलीशी जमलं. मुलीकडच्यांनी सूचीत बघून उषाबाईंनाच फोन केला होता. त्यांनी मिलचं सांगितलं, मास्तरांचं सांगितलं, भिंतीच्या भांडणाचंही सांगितलं. लग्न भेस्तानलाच होतं. पत्रिका आली, म्हणून उषाबाई आणि धुडकू गेले.

जेवणाच्या वेळी सखुबाई नव्या विहिणीला घेऊन त्यांच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “ह्या उषाबाई. ह्यासनापायी चार वरीस थांबनूत, न ह्यासनामुयेच जमनं.”

विहीणबाईंना ती थट्टा वाटली. त्या हसल्या. सखुबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी वाढप्याला हाक मारून उषाबाईंच्या पानात जिलेबी वाढायला सांगितली. उषाबाईंनी ती खाल्ली.